आमचे खुराडे

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणींनी भराभर विषय वाटून घेतले. कुणी पाऊस घेतला, कुणी आई, कुणी हरवलेले बालपण. माझ्या डोक्यात मात्र त्या आठवड्यात खुराड्याशिवाय दुसरे काही नव्हते. मी तसे बोलून दाखवले तर साऱ्या हसल्या. सर हसले नाहीत. "मग खुराड्यावरच लिही," ते म्हणाले. म्हणून हा प्रपंच.

आमचे घर वडवणीच्या शिवेवर, बीड-परळी रस्त्यापासून थोडे आत आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परस आणि परसात एक कडुनिंब. जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. सोयाबीन निघाले, कापसाची एखादी वेचणी झाली, की दिवाळीच्या सुमारास आई आणि दादा ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडल्यावर, उन्हे तापू लागली की परततात. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इथे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो तीही कोयत्याच्या हिशेबाने. माझा जन्मसुद्धा एका कारखान्याच्या तळावर, कोपीत झालेला. शाळेत असताना काही वर्षे मी हंगामी वसतिगृहात जेवले, काही वर्षे आजीजवळ राहिले. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिली. त्यामुळे कॉलेजातली एखादी अडचण घरी विचारावी तर सोय नाही. उलट बँकेच्या पुस्तकापासून खताच्या पोत्यावरच्या अक्षरांपर्यंत घरचे सगळे मलाच विचारतात.

कोंबड्या आईच्या. आमच्याकडे कापसाचा पैसा दादांच्या हाती येतो आणि दुकानदाराकडे जातो. उचलीचा पैसा तर यायच्या आधीच गेलेला असतो. अंड्यांचा पैसा तेवढा आईच्या पदराच्या गाठीला राहतो. कॉलेजच्या परीक्षेचा पहिला फॉर्म मी भरला तो त्याच गाठीतून. दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा मी खिडकीत सरकवल्या तेव्हा मागच्या रांगेतले कुणी पाहत तर नाही ना, असे मला वाटले होते. आज त्या वाटण्याची लाज वाटते.

जुने खुराडे ओट्याच्या पोटात होते. हातभर उंच आणि दोन हात खोल असे ते एक भुयारच. तोंडाला लाकडी फळी आणि फळीला टेकवलेला धोंडा. आत वारा नाही, ऊन नाही, आणि झाडायला हात शेवटपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात ओल धरायची. उन्हाळ्यात कोंबड्या चोची वासून धापा टाकायच्या आणि उवांनी हैराण होऊन राखेत लोळायच्या. तरी आजीच्या सासूच्या काळापासून ते तसेच चालले होते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आई-दादा तळावर होते. माझी पहिल्या वर्षाची परीक्षा सुरू होती. संध्याकाळी फळी लावायचे काम माझे, कारण दिवस मावळला की आजीला दिसत नाही. त्या दिवशी मी अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन बसले ती बसलेच. फळी लावायची राहून गेली. पहाटे आजी ओट्यावरून हाका मारू लागली. तिला दिसले काहीच नव्हते. रोजची कोंबड्यांची कुरकुर ऐकू आली नाही, एवढेच तिला कळले होते. मी बॅटरी घेऊन वाकले. अकरा कोंबड्यांपैकी नऊ मरून पडल्या होत्या. मुंगूस एखादी खाऊन निघून जात नाही. कोंडलेल्या जागी सापडतील तेवढ्यांच्या माना फोडते. दोन वाचल्या, त्या आदल्या संध्याकाळी आत न जाता निंबावर बसल्या होत्या म्हणून.

मी आईला फोन केला. ती ओरडेल, या तयारीने केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. फोनात उसाच्या पाल्याची सळसळ ऐकू येत होती. मग म्हणाली, "तू बरी हायेस ना? आज पेपर हाय ना तुजा? जा मग."

त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले. पण ते मी अजून कुणाला आनंदाने सांगितलेले नाहीत.

यंदा पोळा झाला आणि आईने विषय काढला. नवे खुराडे करायचे, आणि मोठे करायचे. तिच्या ओळखीच्या एका बाईने मागे पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतून निम्म्या अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर असा गट घेतला होता. आईच्या मनात तो आकडा बसला होता. योजना मिळो न मिळो, जागा अठ्ठावीस कोंबड्यांची हवी, पुढे वाढवता येतील, असे तिचे म्हणणे.

मी गुरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टरांनी खूप समजावून सांगितले आणि मी ते तासाला बसल्यासारखे वहीत उतरवून घेतले. परसातल्या कोंबड्यांसाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात वनराजा ही जात तयार झाली, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात गिरिराजा. या कोंबड्या गावरानपेक्षा पुष्कळ अंडी देतात आणि अंगानेही लवकर भरतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे पिल्ले काढायची तर एकवीस दिवस अंड्यांवर बसायला गावरान कोंबडीच पाहिजे. हे आईला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "मंजी अंडी त्यांची आन् बसायचं आमीच!" मानमोडीची लस चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. याच रोगाला राणीखेत म्हणतात आणि राणीखेत हे हिमालयातल्या एका गावाचे नाव आहे, हे मला तिथेच कळले. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या होत्या, तेव्हा आमच्या बाजारात अंडे कुणी हातात घेत नव्हते. तेही डॉक्टरांनी आठवून दिले. कोंबडीचा धंदा असा एका वाऱ्याने जाऊ शकतो.

जागेचा हिशेबही त्यांनी सांगितला. रात्री बसण्यापुरती एका कोंबडीला दीड चौरस फूट जागा धरावी. म्हणजे अठ्ठावीस कोंबड्यांना बेचाळीस चौरस फूट. सात फूट लांब आणि सहा फूट रुंद. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत शिरत नाही. कोंबडी जमिनीवर झोपत नाही, तिला आडवी दांडी लागते. अंडी घालायला अंधारा कोपरा लागतो. आणि वारा खेळता हवा, पण थेट अंगावर येणारा नको.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. वाद पुढे सुरू झाला: खुराडे विकत आणायचे की बांधायचे?

दादांचे मत विकत घ्यावे. बीड रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पिंजरे तयार मिळतात. दादा आणि मी जाऊन पाहून आलो. दोन मजली, खाली विष्ठा पडायला पत्रा, पुढे पाण्याची नळी, निळा रंग. किंमत चौदा हजार. मला तो पिंजरा फारच आवडला. स्वच्छ, टापटीप, एखाद्या शहरातल्या वस्तूसारखा. दादांनी दुकानदाराला रंग विचारला नाही, गंज विचारला नाही. फक्त एवढेच विचारले, "ट्रॉलीत बसंल का?" घरी कसा आणायचा याचा ते विचार करत असतील, असे मी समजले.

आईचे मत बांधावे. परसातली पडवी दोन वर्षांपूर्वीच्या पावसात ढासळली, तिचा दगड तसाच पडून आहे. पांढरी माती आहे. जुने दोन पत्रे आहेत. "घरचं असताना इकत कामून आणायचं?" हे तिचे एकच वाक्य.

आजीला दोन्ही पसंत नव्हते. तिच्या मते डालगे पालथे घातले की काम झाले. तिच्या लहानपणी तुराट्यांचा कूड शेणामातीने लिंपून त्यात कोंबड्या ठेवत. पण कूड घूस पोखरते, हे तीच पुढे सांगे.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. वही घेऊन बसले. बांधायचे तर नवे दोन पत्रे १,३०० रुपये, जाळी १,४००, लोखंडी दार २,२००, सिमेंटची दोन पोती ७६०, वाळू ४००. एकूण ६,०६० रुपये. मी आनंदाने आकडा वाचून दाखवला, निम्म्याहून कमी! मग वर्गात शिकलेला वैकल्पिक खर्च आठवला. एक काम करताना दुसरे कोणते काम हातचे गेले, त्याची किंमतही धरायची असते. आई आणि दादा सहा दिवस भिंत रचणार, म्हणजे सहा दिवसांची मजुरी बुडणार. दादांचे पाचशे, आईचे तीनशे. सहा दिवसांचे ४,८००. म्हणजे बांधणे पडते १०,८६० रुपयांना आणि पिंजरा चौदा हजारांना. फरक ३,१४० रुपयांचा. (आईची मजुरी दादांपेक्षा दोनशेने कमी का, हा प्रश्न मी वहीच्या समासात लिहून ठेवला आहे. तो पाठ अजून वर्गात आलेला नाही.)

हा फरक काही भांडण करण्याएवढा नव्हता. तरीही आठ दिवस घरात धुसफूस चालली. आई भाकरी थापताना तवा आपटी. दादा जेवून न बोलता बाहेर जात. एवढ्याशा खुराड्यासाठी ही माणसे का अडून बसली आहेत, ते मला कळेना. आजीला कळले होते. एका रात्री ती अंथरुणावरूनच म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातं का? बोला की काय ते."

तेव्हा आई बोलली. "पिंजरा ट्रॉलीत बसतो. भित बसत न्हाई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिंजरा घेतला म्हणजे कोंबड्या दरसालप्रमाणे तळावर जाणार, आणि कोंबड्यांबरोबर आई. दगडाचे खुराडे बांधले म्हणजे कोंबड्या इथे राहणार, आणि त्यांच्याकरिता कुणीतरी इथे राहणार. आईला यंदा ऊस तोडायला जायचे नव्हते. एकोणीस-वीस वर्षांत तिने हे कधी म्हटलेले नव्हते, आणि आताही तसे सरळ म्हणवत नव्हते. म्हणून ती खुराड्याचे निमित्त करून बोलत होती.

दादांचेही खोटे नव्हते. ते म्हणाले, "उचल घेतलीय एक लाख, जोडीची. तू न्हाई आलीस तर निम्मी कुटून द्यायची? दर वाढलाय आता." हे खरे होते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. मी पुन्हा वही काढली. पंचवीस कोंबड्यांची रोज सरासरी दहा अंडी धरली, दहा रुपयाला एक, तर पाच महिन्यांचे पंधरा हजार. त्यातून खाद्य आणि औषध वजा जाता नऊ-दहा हजार. पन्नास हजार सोडून दहा हजार हाती धरायचे, असा हा व्यवहार. माझी वही दादांच्या बाजूने बोलत होती, आणि ते वाचून दाखवताना माझा आवाज मला बरा वाटला नाही.

आई म्हणाली, "त्या वहीत पोरगी मांडलीस का?"

मी मांडली नव्हती. गेली दोन वर्षे नातेवाईक दादांना सांगतात, म्हातारीच्या भरवशावर तरणी पोरगी घरी ठेवता, उजवून मोकळे व्हा. आमच्या वर्गात दहावीला ज्या मुली होत्या, त्यांतल्या कितीतरी अशाच मोकळ्या केल्या गेल्या. त्यांच्या आईबापांना हौस नव्हती. हंगामात मुलीला ठेवायचे कुठे, याला दुसरे उत्तर नव्हते. नऊ कोंबड्या मेल्या त्या दिवशी दादांनी फोनवर आईला विचारले होते, दार नीट लागते ना घराचे? ते कोंबड्यांबद्दल विचारत नव्हते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या रात्री आईने सांगितले. माझे तिसरे वर्ष त्या निळ्या पिंजऱ्याच्या आणि दगडी भिंतीच्या मध्ये कुठेतरी अडकले होते, आणि मी पिंजऱ्याच्या रंगावर भाळले होते.

आईने आणखी एक कारण सांगितले. सात वर्षांपूर्वी तिने बारा कोंबड्या डालग्यात घालून तळावर नेल्या होत्या. तिथे प्रत्येक कोपीच्या कोंबड्या एकमेकींत मिसळतात. एका कोपीत मानमोडी आली आणि आठ दिवसांत साऱ्या तळावर एकही कोंबडी उरली नाही. "लोखंडाचा पिंजरा का रोग आडवतो?" ती म्हणाली. दादा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी चंची काढली, पान लावले आणि झोपायला गेले.

सकाळी मी उठले तेव्हा ते परसात पडवीचा दगड निवडत होते.

सहा दिवस काम चालले. मी कॉलेजातून आले की माती कालवायची. दादांनी आधी खाली सपाट दगड बसवून घेतले, म्हणजे मुंगसाला किंवा घुशीला भुयार काढून आत येता येणार नाही. त्यावर कमरेइतकी दगडी भिंत, पांढऱ्या मातीत. वरच्या निम्म्या भागात बारीक भोकांची वेल्डची जाळी. साधी षटकोनी जाळी कुत्रे फाडते, हे दुकानदारानेच सांगितले होते. दारापुरते मात्र दादांनी ऐकले नाही. दार त्याच वेल्डिंगच्या दुकानातून, निळ्या रंगाचे, कडी-कोयंड्याचे आणले. म्हणजे काही विकत आणि काही बांधून, असा निकाल लागला. आत बाभळीच्या सोललेल्या दांड्या, कोपऱ्यात भुसकट घातलेली चार जुनी घमेली, भिंतींना आतून चुना. पत्र्यावर उन्हाळ्यात पाचट टाकायचे ठरले आहे.

उचलीचे असे झाले. दादांनी चुलतभावाच्या मुलाला जोडीला घेतले. दोन गड्यांचाही कोयता होतो. त्याच्या वाट्याचे पैसे त्याला द्यायचे, तर त्यातले निम्मेअधिक बियाण्यात आणि मागच्या देण्यात खर्च झालेले होते. आईने तिच्या दोन शेळ्या विकल्या. राहिलेले दादा आपल्या तोडीतून भरून देणार आहेत. म्हणजे यंदा ते जास्त ऊस तोडतील. आईने भरायची ती मोळी आता दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असेल. हा हिशेब मी वहीत मांडलेला नाही.

अठ्ठावीस कोंबड्या काही झाल्या नाहीत. सध्या चौदा आहेत. त्यांतल्या दोन त्या निंबावरच्या.

नवे खुराडे तयार झाले त्या संध्याकाळी एकही कोंबडी आत गेली नाही. सगळ्या जुन्या सवयीने ओट्याच्या बुजवलेल्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक धरून आत नेऊन दांडीवर बसवावी लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी वैतागले. आजी म्हणाली, "घर वळखायला टाइम लागतो गं लेकरा. मान्सालाबी लागतो." पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला त्या आपण होऊन, एकीमागे एक, निळ्या दारातून आत गेल्या. दादा त्या दिवशी इथे नव्हते. ट्रॅक्टर दोन दिवसांपूर्वीच गेला होता.

हा लेख लिहीत आहे तेव्हा हंगाम अर्ध्यावर आला आहे. आई शेजारी बसून सूप पाखडते आहे आणि मी काय लिहिते ते मधूनमधून विचारते आहे. कोंबड्यांवर लिहिते म्हटले तर तिचा विश्वास बसत नाही. तिसऱ्या वर्षाचे अजून पक्के काही नाही. ते अंड्यांवर, पावसावर आणि दादांच्या पाठीवर आहे. पण खुराड्याची भिंत पक्की आहे.

रोज रात्री आठच्या सुमारास दादांचा फोन येतो. फार बोलत नाहीत. अभ्यासाचे काय, हे त्यांना विचारता येत नाही, कारण त्यातले काय विचारायचे ते त्यांना ठाऊक नाही. ते एवढेच विचारतात, "कडी लावली का?"

"लावली, दादा," मी म्हणते.

(बी. ए. द्वितीय वर्ष)